एक तारखेपर्यंत

एक डिसेंबरपर्यंत गोम्बो पैलवानाला कुठंही लागू द्यायचं नाही, एवढं एकच काम डुलमानं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

गोम्बो तिचा बाप. वय एकाहत्तर. मंगोलियातून येऊन डेन्व्हरला तिच्याच इमारतीत, तिच्या खालच्याच घरात राहायला लागल्याला त्याला महिना होत आला होता. कायमच्या वास्तव्याचं कार्ड त्याच्या खिशात होतं. पण ते कार्ड मिळालं म्हणून म्हाताऱ्यांचा सरकारी विमा लगेच मिळत नाही, त्याला पाच वर्षं थांबावं लागतं. तोवर खाजगी विमा घ्यायचा. त्याच्या वयाला तो महिन्याला अकराशे नव्वद डॉलर पडत होता. कागदपत्रं जमवता जमवता नोव्हेंबर उजाडला, म्हणून तो सुरू होणार होता एक डिसेंबरला. मधल्या महिन्यासाठी प्रवाशांचा तात्पुरता विमा घ्या, असं एजंट म्हणाला होता. त्याचे दोनशे डॉलर डुलमानं वाचवले. बाप चालता-फिरता आहे, महिना काय, बघता बघता निघून जाईल, असा तिचा हिशेब.

आणि मग त्या महिन्यात तिला झोप लागेना. ती वृद्धाश्रमात कामाला होती. जडशीळ म्हाताऱ्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर न्यायचं काम तिनं चौदा वर्षं केलं होतं. न्हाणीघरात घसरलेल्या एका माणसापायी अख्खं घर कसं विकलं जातं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं बापाच्या घरातली सतरंजी काढली, न्हाणीत धरायला दांडे बसवले, बर्फ पडलं की त्याचं बाहेर जाणं बंद केलं. हाडावरचं मटणसुद्धा ती स्वतः कापून द्यायची. ज्या माणसानं उमेदीत उधळलेला घोडा मानेला धरून आडवा पाडला होता, त्याला लेक सुरी हातात घेऊ देत नव्हती. तो तिच्याकडं नुसता बघायचा आणि मिठाचा चहा भुरकायचा.

धाकटा भाऊ तुमुर मालाचा ट्रक चालवायचा. विम्याचा अर्धा भार त्यानं उचलला होता, पण कुरकुरत. "बाबांना काय होणार आहे, ताई?" तो म्हणाला होता. "त्यांना जो ट्रक धडकेल त्याचा विमा काढ."

थँक्सगिव्हिंगच्या, टर्की खायच्या सुट्टीतल्या शनिवारी डेन्व्हरच्या मंगोल लोकांनी एका शाळेची व्यायामशाळा भाड्यानं घेऊन कुस्त्या ठेवल्या. तुमुर उतरणार होता. त्याची टोपी धरायला बाप हवा होता. त्यांच्याकडं प्रत्येक पैलवानाबरोबर एक जाणता माणूस मैदानात उतरतो. तो त्याचे किताब मोठ्यानं गातो, कुस्ती चालू असताना त्याची टोपी हातात धरतो आणि शेवटी ती त्याच्या डोक्यावर ठेवतो. हे किताब पशुपक्ष्यांच्या नावांचे असतात, गोम्बोचा स्वतःचा ससाण्याचा होता. त्यानं टोपी धरणं म्हणजे मुलाचा मान. टोपी धरण्यात कसली आलीय इजा, असं म्हणून डुलमानं होकार दिला. तारीख होती एकोणतीस.

दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं. मग तुमुरची गाठ पडली शारवशी. शारव फरशा बसवायचं काम करायचा. मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. दोघं पंधरा मिनिटं एकमेकांच्या बाह्या धरून कपाळाला कपाळ लावून उभे राहिले. त्या कुस्तीला वेळेचं बंधन नसतं आणि वजनाचा गट नसतो. ज्याचा गुडघा किंवा कोपर आधी जमिनीला लागेल, तो हरला. शारवनं डोकं मारलं आणि तुमुरची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. तुमुरनं आंधळ्यासारखा पट काढला, शारवला उचललं, शारवनं हवेतच त्याच्या पायात पाय घातला, आणि दोघं असे कोसळले की फळ्यांची जमीन हादरली.

पंचांनी शारवचा हात वर केला.

आता पुढची रीत सोपी असते. हरलेल्यानं कमरेची गाठ सोडायची आणि जिंकलेल्याच्या हाताखालून वाकून जायचं. तेवढं केलं की मनात काही उरत नाही, दोघं एका भांड्यात जेवतात. शारव हात पसरून उभा राहिला. तुमुर वाकेना. शारवचा गुडघा आधी टेकला, असं तो रक्त पुसत सांगत राहिला. पंच नाही म्हणाले. तुमुर पाठ फिरवून चालू लागला, तेव्हा तीनशे माणसं एकदम गप्प झाली. हाताखालून न जाणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं.

शारव मागून म्हणाला, "जा. म्हाताऱ्याच्या टोपीखाली लप."

तुमुर वळला आणि त्यानं शारवच्या तोंडावर गुद्दा हाणला. दात फळ्यांवर पडल्याचा आवाज डुलमाला बाकावर बसून ऐकू आला. शारवचे दोन भाऊ धावले. एकानं तुमुरला मागून आवळलं, दुसऱ्यानं पोटात लाथ घातली. तुमुरनं डोकं मागं झटकून पहिल्याचं नाक फोडलं. बायका मुलांना ओढत दाराकडं पळाल्या. कुणाची तरी खुर्ची हवेतून आली. डुलमा गर्दीत घुसली ती बापाला शोधत, आणि तो तिला दिसला तो थेट मधोमध, एका हातात मुलाची टोपी धरलेला.

गोम्बोनं मोकळ्या हातानं तुमुरच्या थोबाडीत मारली. पूर्ण खांद्यानं मारलेली, सगळ्यांसमोर.

"वाक," तो म्हणाला.

तुमुरच्या डोळ्यांत रक्त होतं. समोर कोण आहे हे त्यानं पाहिलंच नाही, किंवा पाहिलं असेल तर त्या क्षणाला त्याला कळलं नाही. पुढं कितीतरी दिवस तो हेच सांगत राहिला. त्यानं समोरच्या माणसाच्या छातीवरचं कापड धरलं, कंबर आत घातली आणि त्याला खांद्यावरून फेकलं. तो डाव त्याला लहानपणी बापानंच शिकवला होता.

गोम्बो डाव्या कुशीवर बाकाच्या कोपऱ्यावर पडला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

डुलमाच्या मनात पहिल्यांदा काय आलं, याची तिला नंतर फार लाज वाटली. आज एकोणतीस, हे आलं.

गोम्बो उठला. कुणाचा हात त्यानं घेतला नाही. टोपी झटकली. मग तोंड धरून बसलेल्या शारवजवळ गेला, त्याला उभं केलं, त्याचा हात स्वतः उचलून बाजूला पसरला, आणि मुलाच्या जागी आपण वाकून त्या हाताखालून गेला. शारव हुंदके देऊन रडायला लागला. तुमुर तिथं नव्हता. तो मागच्या दारानं निघून गेला होता.

घरी आल्यावर बापानं डुलमाला सदरा वर करू दिला नाही. काही झालेलं नाही, असं म्हणून तो दोन वाट्या मटण मुद्दाम जेवला आणि तिला वर जाऊन झोपायला सांगितलं. तिनंही ऐकलं. ऐकायचं होतं म्हणूनच ऐकलं. एकच दिवस, ती मनाशी म्हणाली.

रविवारी दुपारी दोन वाजता ती खाली आली तेव्हा तो घरातला झगा घालून, कमरेला रेशमी पट्टा बांधून शेगडीपाशी उभा होता. मोठ्या पातेल्यात मटण उकळत होतं. त्यानं ओट्याची कड धरली होती, आणि धरलेली बोटं पांढरी पडली होती. ओठ राखेच्या रंगाचे. कपाळावर घाम, आणि हात लावला तर घाम थंडगार. फासळ्या दुखतात का, तिनं विचारलं. फासळ्या नाही, तो म्हणाला, डावा खांदा जरा धरलाय, वेडावाकडा झोपलो असेन.

वृद्धाश्रमात अशीच एक बाई गेली होती. मार लागतो डाव्या फासळ्यांना, आत पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटते, रक्त पोटात साचत जातं, आणि दुखणं चढतं खांद्यावर. तिथल्या नर्सनं त्या दिवशी सगळ्यांना उभं करून हे समजावून सांगितलं होतं, म्हणजे पुन्हा कुणी खांद्याला मलम चोळत बसणार नाही.

तिनं फोन काढला. गोम्बोनं तिचं मनगट धरलं. पैलवानाची पकड वयानं जात नाही. त्यानं तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि उकळत्या मटणात टाकला.

"किती वाजले?" त्यानं विचारलं.

"दोन."

"मग दहा तास राहिले. मोडक्या पायानं मी तीन दिवस मेंढरं राखलीत."

ती त्याला सांगायला लागली. की हे पाय मोडण्यासारखं नाही, आत रक्त वाहतंय, दहा तास नाहीत. तो शांतपणे ऐकत होता, जसं लहान मुलाचं ऐकतात. मग त्यानंच तिला समजावलं. कुस्त्यांच्या ठिकाणी लोकांकडून त्यानं सगळी माहिती काढली होती. नुसती रुग्णवाहिका दारात आली तरी तीन हजार. पोट फाडलं तर किती, ते सांगताना माणसं आवाज खाली आणतात. तू या वयात रात्रपाळ्या करायच्या आणि मी खालच्या घरात बसून तुझा पैसा गिळायचा, त्यासाठी मी आलो नाही. बारा वाजले की ने.

तेवढ्यात दार वाजलं. तुमुर होता. भुवईवर पट्टी, एक डोळा बंद, उजवा हात कोटाच्या खिशात. आत यावं की नाही, हे न कळून तो उंबऱ्यावरच थांबला. बापानं त्याला बस म्हटलं आणि तो बसला. कालपासून त्याच्या अंगात जीव म्हणून नव्हता. बाप म्हणाला असता खिडकीतून उडी मार, तर त्यानं मारली असती.

डुलमानं त्याच्याकडं फोन मागितला. तुमुरचा डावा हात खिशाकडं गेला.

"दिलास तर माझ्यासमोर पुन्हा उभा राहू नकोस," गोम्बो म्हणाला.

तुमुरचा हात तिथंच थांबला.

डुलमानं पातेल्यातला लोखंडी डाव उचलला आणि भावाच्या कानशिलावर हाणला. रस्सा उडाला, तो खुर्चीसकट आडवा झाला. लहानपणापासून तिनं त्याला मारलं नव्हतं. त्याला आंघोळ तिनं घातली होती, शाळेत तिनं सोडलं होतं. "मरतायत ते," ती म्हणाली. "तू मारलंस आणि आता तू बसून बघणार. गाडी काढ."

तुमुर रांगत उठला. गोम्बो चालत गेला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. चालताना तो एकदा भिंतीवर टेकला. दोघांनीही ते पाहिलं.

"घरात पैलवान दोनच," तो म्हणाला. त्याचा श्वास आता तुकड्यातुकड्यानं येत होता. "एकानं काल फेकलं, तो आज हात लावणार नाही. बघ त्याच्याकडं. तू आण मला गुडघ्यावर. आणलंस तर नेशील तिथं येईन."

तो तिची थट्टा करत होता. त्यांच्याकडं ही कुस्ती बायका खेळत नाहीत.

डुलमा पुढं झाली आणि तिनं त्याच्या कमरेचा रेशमी पट्टा दोन्ही हातांनी पकडला. त्यानं तिच्या घोट्यामागं नुसती टाच लावली आणि ती उडून टेबलावर आदळली. ओठ फाटला. चहाची किटली तिच्या मांडीवर सांडली. वर पाहिलं तर बाप दाराच्या चौकटीला धरून वाकला होता, आणि तशा अवस्थेतही तिला शिकवत होता.

"कमरेत वाकू नकोस. आधी खाली बस. मग उचल."

हे तिला कुणी सांगायला नको होतं. दिवसातून वीस वेळा ती हेच करायची. जड माणूस हातांनी हलत नाही. त्याच्याजवळ जायचं, त्याचं वजन कोणत्या पायावर आहे ते बघायचं, आणि जो पाय कच्चा असेल तिकडं त्याला न्यायचं. बापाचं सगळं वजन उजवीकडं होतं. डावी बाजू त्यानं उचलून धरली होती.

ती खाली बसली, त्याचा पट्टा धरला, आणि आपलं डोकं तिनं त्याच्या मोडलेल्या फासळ्यांमध्ये घातलं. चुकून नाही. जिथं मोडलं होतं तिथंच, पूर्ण ताकदीनं. कपाळाखाली हाड हललेलं तिला कळलं. गोम्बोच्या तोंडातून आवाज आला नाही. नुसता श्वास आला, सगळाच्या सगळा, तिच्या मानेवर. त्याच्या मुठी तिच्या केसांत वळल्या आणि त्यानं ओढलं, केसांची एक बट मुळापासून निघाली. तिनं डोकं काढलं नाही. पट्ट्याला धरून ती त्याला डावीकडं नेत राहिली, रडत, शिव्या देत, त्याच्या घामाचा वास घेत. आणि त्याचा डावा गुडघा सावकाश वाकला व जमिनीला टेकला.

गोम्बो त्या गुडघ्याकडं बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"हरलो," तो म्हणाला.

तुमुरनं त्याला उचललं. त्यानं विरोध केला नाही. शब्द दिला होता.

बर्फातून तुमुरनं गाडी अशी हाकली की दोन लाल दिवे मागं पडले आणि तिसऱ्याला कुणाचा तरी आरसा तुटला. मागच्या सीटवर डुलमानं बापाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याचं पोट फळीसारखं ताठ झालं होतं. ते आपण डोकं घातलं म्हणून झालं की आधीच झालं होतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

इस्पितळाच्या दारात त्याला ढकलखाटेवर घेतलं. झगा कात्रीनं कापला. डावी कूस काळीनिळी. एका तरुण डॉक्टरनं पोटावर यंत्र फिरवलं, पडद्याकडं पाहिलं आणि तो एकदम भराभर बोलायला लागला. पानथरी फाटलीय, आत्ताच्या आत्ता उघडावं लागेल. नोंदणीच्या टेबलामागच्या बाईनं डुलमाला विम्याचं विचारलं. उद्यापासून आहे, डुलमा म्हणाली. आणि आजचं? आज काहीच नाही. बाईनं तसं लिहिलं, एक कागद पुढं सरकवला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

ढकलखाट आत जायच्या आधी गोम्बोनं डॉक्टरची बाही धरली. मंगोल भाषेत तो काहीतरी म्हणाला, दोनदा, ठासून. डॉक्टरनं डुलमाकडं पाहिलं. काय म्हणतायत ते?

बाप म्हणत होता, बारा वाजेपर्यंत थांबा, बारानंतर काय कापायचं ते कापा. रुग्णानं नको म्हटलं तर इथले डॉक्टर सुरी हातात घेत नाहीत, हे डुलमाला कामामुळं माहीत होतं. एक वाक्य. तिनं बापाच्या डोळ्यांत पाहिलं. त्यालाही माहीत होतं की ते तिच्याच तोंडात आहे.

"म्हणतात, लवकर करा," तिनं डॉक्टरला सांगितलं.

गोम्बोला इंग्रजी येत नव्हतं. पण डॉक्टर धावायला लागला, त्यावरून त्याला कळलं. त्यानं लेकीला एक सणसणीत शिवी दिली आणि खाट आत गेली.

बाहेरच्या खुर्च्यांवर बहीणभाऊ शेजारी बसले. तिचा ओठ सुजला होता, डोक्यावर एका ठिकाणी केसांऐवजी रक्त होतं. त्याच्या कानशिलावर डावाचा वळ उठला होता. त्यानं उजवा हात पहिल्यांदा खिशातून काढला. दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. कालपासून. त्याच्याकडंही विमा नव्हता. बापाचा अर्धा हप्ता भरायला त्यानं स्वतःचा बंद केला होता, आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी मारलं त्यांना, ताई," तो म्हणाला.

"दोघांनी मारलं," डुलमा म्हणाली. मग उठून ती टेबलामागच्या बाईकडं गेली आणि म्हणाली, अजून एक नाव लिहा.

अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आला. पानथरी काढावी लागली. पोटात रक्त किती होतं, ते त्यानं हातांनी दाखवलं. माणूस दणकट आहे म्हणून इथवर पोचला, असं तो म्हणाला. डुलमानं एकच गोष्ट विचारली, मध्यरात्रीपर्यंत थांबलो असतो तर? डॉक्टरला प्रश्न कळला नाही. कशासाठी थांबायचं, त्यानं विचारलं. संध्याकाळी इस्पितळाच्या बिलांचं काम बघणारी एक वयस्क बाई येऊन तिच्याजवळ बसली आणि तिनं सगळं नीट समजावलं. आजचं बिल आजचं. ते मोठं येईल, तुकड्यातुकड्यानं येईल. मदतीसाठी अर्ज करता येतो, कमी होईल, नाहीसं होणार नाही. बारानंतरचे दिवस विम्यात धरले जातील. डुलमानं जिथं सांगितलं तिथं सह्या केल्या.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला गोम्बोनं डोळे उघडले. नाकात नळी, हातात नळी, पोटावर बोटभर जाड पट्टी. दाराशी तुमुर उभा होता, हात प्लास्टरमध्ये. त्याची आत यायची हिंमत नव्हती. डुलमानं बापाचे ओठ ओल्या फडक्यानं पुसले. तो आता शिवी देईल, असं तिला वाटलं.

"तारीख काय?" त्यानं विचारलं.

"एक, बाबा."

"नक्की?"

"एक डिसेंबर. सोमवार."

त्यानं डोळे मिटले. शनिवारपासून त्या माणसानं तोंडातून हूं की चूं काढलं नव्हतं. बाकावर पडला तेव्हा नाही, लेकीनं फासळ्यांत डोकं घातलं तेव्हा नाही. आता त्याची हनुवटी थरथरली.

"मग दुखतंय," तो म्हणाला.

आणि त्या ससाण्यानं असा हंबरडा फोडला की शेजारच्या खोलीतला म्हातारा दचकून उठला, दोन नर्स धावत आल्या, आणि दाराशी उभा असलेला तुमुर सगळं विसरून आत शिरला आणि त्यानं चांगल्या हातानं बापाचे पाय घट्ट धरले. गोम्बो ओरडत होता. डुलमानं त्याला गप्प केलं नाही.